न तापणारी तार

गावात शून्यतार आली आणि वायरमन भीमराव जंगमांचा फोन वाजेनासा झाला. या तारेत विजेला अडथळा, म्हणजे रोध, म्हणून नाहीच. साध्या तारेतून वीज जाताना रोधामुळे थोडी उष्णता होतेच, ही मात्र कितीही वीज सोडा, आपली थंडगार! खांबांवरून ती ओढताना उरलेले तुकडे भीमरावांनी पिशवी भरून घरी आणले होते. चांगली वस्तू टाकवते का कुणाला?

आज ते धाकट्या बहिणीच्या, शालनच्या घरात उभे होते. घर कसलं, नुसत्या काळ्या भिंती. परवा भरदुपारी, घराला आग लागून इस्त्रीच्या टेबलाशीच शालन जळून गेली होती.

चौकशीला आलेल्या इंजिनिअर मीनलने बोर्डातला चिनी मातीचा जुना फ्यूज ओढून काढला. "काका, हे बघा. भिंतीतल्या जुन्या तारा तापून वितळल्या आणि फ्यूजमधली शाबूत! ही शून्यतार आहे. तापणारच नाही, तर वितळून वीज तोडणार कशी? बाईंनी स्वतःच गुंडाळली असणार. तसंच लिहिते."

भीमरावांनी तो फ्यूज तिच्या हातातून घेतला.

इस्त्रीच्या धंद्याच्या दोन इस्त्र्या आणि पाण्याची मोटर एकदम चालली की शालनचा फ्यूज गेलाच म्हणून समजा. "दादा, गेला रे!" असा फोन यायचा. ते कुरकुरत जायचे, चहा पिऊन परतायचे. फ्यूजची तार जवळ नसली की हाताला लागेल ती वायर सोलून आतली एक बारीक तार गुंडाळायची, ही वायरमनची जन्माची खोड. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी पिशवीतली शून्यतार सोलली, गुंडाळली आणि ऐटीत म्हणाले, "घे, आता जन्मात जायचा नाही."

"म्हणजे तू आता यायचा नाहीस होय रे?" शालन हसली होती.

आणि खरंच, सहा महिन्यांत ते एकदाही तिच्याकडे फिरकले नव्हते.

"मॅडम, तिचं नाव नका लिहू," ते म्हणाले. "मी बांधली. तापून वितळणं एवढंच त्या तारेचं काम. चाळीस वर्षं हाताखालच्या पोरांना हेच शिकवलं, आणि माझ्याच बहिणीला..." ते ढसाढसा रडले.

मीनलने लिहायचं थांबवलं. मग हळूच म्हणाली, "काका, अजून किती घरांत बांधलीत?"

भीमरावांनी चमकून वर पाहिलं. पिशवी कधीच रिकामी झाली होती. लोकांनी हौसेने मागून घेतली होती. बाकीच्या वायरमननीही तेच केलं होतं.

ते तसेच उठले. शेजारच्या घराची कडी वाजवली आणि आत शिरून थेट बोर्डाला हात घातला.

"अहो भीमराव, राहू द्या की!" घरची बाई इस्त्री बाजूला ठेवत म्हणाली. "सहा महिन्यांत एकदाही गेला नाही फ्यूज. इतकं छान चाललंय, मग काढता कशाला?"