अर्गळेचे बारसे

कातरगडाच्या पूर्वेला तांबडे फुटले, तेव्हा खालच्या माळावर वेढा घालून बसलेल्या बेडगकरांच्या राहुट्या नजर पोहोचेल तिथवर पसरलेल्या दिसत होत्या, आणि वर, भुकेने डोळे खोल गेलेल्या शिबंदीत किल्लेदार रुद्राजीराव दळव्यांच्या कन्येच्या बारशाचे आवतण फिरत होते. कोठारे केव्हाच झाडून झाली होती. तरी बारसे थाटात व्हायचे, असा हुकूम सुटला होता.

किल्लेदाराची थोरली बहीण भिऊबाई मुदपाकखान्यात शिरली आणि चुलीपाशीच थबकली. हंड्यात घुगऱ्या रटरटत होत्या. टपोऱ्या, नव्या हरभऱ्याच्या! बारशाला घुगऱ्या हव्यात हे खरे. पण ज्या गडावरून उंदरांनीही मुक्काम हलवला, तिथे हा हरभरा आला कुठून? ती तडक सदरेवर गेली.

"रुद्राजी, खालच्यांचा हरभरा कुठल्या वाटेनं वर आला?"

"आक्कासाहेब, शुभकार्याच्या दिवशी चौकशा नकोत."

"मी वाट विचारते आहे."

रुद्राजीराव आधी हसले, मग चिडले आणि अखेर बोलले. "कुमक येणार नाही. बेडगकरांनी जहागिरीचं वचन दिलं आहे. शिबंदी घुगऱ्यांना बसेल, आपण त्यांच्या मातोश्रींचं नाव बाळाच्या कानात सांगाल, त्यावर नगारा झडेल आणि आमचा माणूस महादरवाजाची आडवी अर्गळा काढील. आपल्या घराला धक्का लागणार नाही."

"आणि शिबंदीला?"

शिबंदीसाठी कसलेच वचन घेतलेले नव्हते. ती सारी माणसे हातात द्रोण घेऊन कापली जाणार होती.

"थू तुझ्या जहागिरीवर!" भिऊबाई म्हणाली.

"तोंड सांभाळा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तर बहीण म्हणून गय होणार नाही."

तिला कोंडून ठेवणे सोपे होते. पण सख्खी आत्या गडावर असताना तिच्याविना बारसे कसे, असे शिबंदीने विचारले असते. म्हणून दोन हत्यारबंद माणसे मागे ठेवून रुद्राजीरावांनी तिला मानाने पाळण्यापाशी नेले. किल्लेदारसाहेबांनी सगळी तजवीज केली होती. आपली बहीण कोण आहे, एवढेच ते विसरले.

सनई थांबली. दरवाजावरचे गडीसुद्धा द्रोण घेऊन उभे होते. आत्याच्या पाठीत धपाटे घालायला बायका सरसावल्या. नगारची टिपऱ्या उचलून तिच्या तोंडाकडे पाहू लागला. मरणाची भीती भिऊबाईलाही वाटत होती. ती वाकली, बाळाच्या कानात कुर्र केले आणि ताठ उभी राहून गरजली,

"पोरीचं नाव अर्गळा! नगारच्या, खबरदार टिपरी मारलीस तर! गड्यांनो, हा हरभरा बेडगकरांचा आहे. किल्लेदार फितला आहे, त्याचा माणूस दरवाजाशी उभा आहे. धावा!"

रुद्राजीरावांची कट्यार तिच्या खांद्यात मुठीपर्यंत गेली. ती पाळण्यावर कोसळली, पण पाळण्याची दोरी तिने सोडली नाही. तिच्यामागे ठेवलेल्या दोघांनीच किल्लेदाराला धरले. आपल्यालाही मरायला ठेवले होते, हे त्यांना आत्ता कळले होते. द्रोण फेकून गडी दरवाजाशी पोहोचले, तेव्हा आरडाओरड ऐकून फितुराने घाईने अर्गळा निम्मी ओढली होती. त्याला बाजूला फेकून त्यांनी ती परत आत लोटली आणि बाहेरून धडका बसू लागल्या, तेव्हा तिला पाठी लावून उभे राहिले. दरवाजा टिकला. पुढे कुमक आली आणि वेढा उठला.

रुद्राजीरावांचा कडेलोट झाला. भिऊबाई वाचली, हात मात्र जन्माचा लुळा पडला. भावजयीने तिचे तोंड पुन्हा पाहिले नाही आणि लेकीलाही कधी नावाने हाक मारली नाही. पण आत्याने कानात सांगितलेले नाव मोडायचे कुणी? गड त्या पोरीला अर्गळाच म्हणत राहिला. असले नाव मुलखात आधी कुणी ऐकले नव्हते.

ती उपवर झाली, लग्न लागले. सासरच्या रिवाजाप्रमाणे तबकात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने तिचे नवे नाव लिहायला घेतले. बापाचे नाव निघू नये म्हणून खाली मान घालून बसलेल्या आईसमोर नवरीने त्याचा हात धरला.

"हेच नाव राहू द्या," ती म्हणाली. "या नावापायी माझा बाप गेला आहे."