पांतेलिस आजोबांची काठोकाठ टाकी

टप्!

भर दुपार. अख्खं बेट झोपलेलं. मिर्तोनं स्वयंपाकघरातला नळ घट्ट पिळला. तो तर कोरडा!

टप्!

"ताई, आवाज अंगणातून येतोय!" धाकटा आर्गिरिस कुजबुजला.

दोघं बाहेर धावली. आजोबांची मोटरसायकल रणरणत्या उन्हात उभी होती. टाकीच्या झाकणाखालून ओघळ येत होता, जमिनीवर ओला डाग पडला होता आणि पेट्रोलचा नुसता भपकारा सुटला होता!

"चोर कुठाय?"

"चोरच नाहीये, वेड्या!" मिर्तोचे डोळे चमकले.

मेरीमातेचा उत्सव तोंडावर आला होता, आणि उत्सवात बेटावरचा एकुलता एक पेट्रोलपंप बंद असायचा. म्हणून आजोबा आठवडाभर रोज सकाळी जाऊन टाकी काठोकाठ भरून आणत. संध्याकाळी पाहावं, तर पेट्रोल बोटभर कमी! "शेजारचा स्त्रातीसच नळीनं ओढतो!" असं म्हणून त्यांनी त्या घराशी बोलणंच तोडलं होतं. स्त्रातीसची नात लेनिओ ही मिर्तोची जिवाभावाची मैत्रीण. रविवारच्या बोटीनं ती शहरात परत जाणार होती, आणि तिच्याशी खेळायलाही बंदी!

मिर्तोनं कुंपणावरून शीळ घातली. लेनिओचं डोकं वर आलं.

"काय गं, चोराच्या नातीशी बोलतेस?"

"गप बस! तळघरातलं गार तेल आण. बाटली अगदी तोंडापर्यंत भर!"

बाटली उन्हात भिंतीवर ठेवली. तिघं टक लावून बसली. तासाभरात तेल फुगलं आणि बाटलीवरून ओघळू लागलं!

"आलं, आलं!" आर्गिरिस किंचाळला.

"काय गोंधळ आहे?" आजोबा सिगारेट पेटवत दारात आले.

"आजोबा, आधी ती विझवा! इथे पेट्रोल सांडलंय!"

आजोबांनी चटकन सिगारेट चिरडली. ओघळणारी बाटली पाहून ते थबकले.

"पंपावरचं पेट्रोल जमिनीखालून येतं, म्हणजे गारच," मिर्तो म्हणाली. "उन्हात फुगल्यावर त्यानं जायचं कुठे?"

"चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी!"

"आणि चाळीस वर्षं सांडताय!" लेनिओ म्हणाली.

आजोबा आधी लाल झाले, मग खो खो हसले. "शाबास, पोरींनो! माझ्यापेक्षा तुमची डोकी चालतात. उद्यापासून टाकीच्या तोंडाखाली चार बोटं जागा सोडायची, आणि गाडी सावलीत!"

सगळ्यांनी मिळून गाडी सावलीत ढकलली, डागावर वाळू टाकली. मग आजोबांनी मळ्यातलं सगळ्यात मोठं कलिंगड उचललं आणि स्त्रातीसच्या दाराशी जाऊन उभे राहिले. उभेच राहिले. आत खुर्ची सरकली, पण आजोबांचा हात काही वर जाईना.

आर्गिरिसनं मिर्तोचा हात ओढला. "ताई, आधी रोज हाका मारत घुसायचे ना आजोबा? मग आज दार का वाजवत नाहीत?"