पात्याखालचा टेका

ही गोष्ट खोटी असती तर मला बरं झालं असतं. पण ज्यानं ती सांगितली तो माणूस थापा मारणारा नव्हता. माझ्या आजीचे धाकटे भाऊ, डोमाजी. जन्मभर मशीनं खोलली नि जोडली. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की उठून चालते व्हायचे. तेव्हा ते ऐन तिशीत होते, म्हणून इथं मी त्यांना अरे-तुरेच करतो. कान धरायला आता ते नाहीत.

साल १९६२. होळीचा दिवस. यवतमाळ जिल्ह्यात फुलसावंगीच्या अलीकडे एक बंजारा तांडा, आणि तांड्याच्या खालच्या अंगाला मातीच्या तलावाचं काम.

वेळ... भर दुपारची.

भुतं रात्रीच फिरतात असं ज्यानं कोणी सांगितलं, त्यानं आमच्याकडची दुपार पाहिलेली नाही. रात्री निदान कुत्री तरी भुंकतात.

तलावावर एक बुलडोझर होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, जागोजागी डागलेला. पुढचं लोखंडी पातं तेलाच्या दाबावर वर-खाली व्हायचं. ते तेल ज्या रबरी होजपाइपांतून जायचं, त्यांना भेगा पडल्या होत्या. डोमाजी मेकॅनिक. त्यानं वरच्यांना सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं. नवे होज काही येईनात.

मग आदल्या उन्हाळ्यात एक होज फुटला.

डोमाजी त्या दिवशी सामान आणायला यवतमाळला गेला होता. पात्याखाली तांड्यातला देवसिंग चिखल खरवडत होता. मशीनला ग्रीस देणारा गडी. हसरा, आणि अंगानं असा की तेलाचा भरला ड्रम एकट्यानं उभा करायचा. पातं खाली आलं तेव्हा त्यानं दोन्ही हात वर केले होते म्हणे...

फुटलेला होज बांधून-सांधून मशीन चालवत राहिले. नवे होज आले ते वर्षभरानं. होळीच्या तोंडावर.

सकाळी ड्रायव्हर पूनमसिंगनं पातं वर उचललं, इंजिन बंद केलं आणि तो तांड्यात गेला. सण होता ना! डोमाजीनं पात्याखाली सागाचे दोन जाड ओंडके उभे केले. याला टेका म्हणतात. होज सोडला की तेल वाहून जातं आणि पात्याला आधार उरत नाही. म्हणून आधी टेका द्यायचा. वर दोन बोटं जागा सोडायची. तेल गेलं की पातं धप्पकन टेक्यावर बसतं. तो आवाज आला की मगच आत शिरायचं.

एवढं करून तो जेवायला गेला. देवसिंगची आई सुखीबाई त्याला दुसरीकडे जेवू द्यायची नाही. देवसिंगसारखा तोही तिला याडी म्हणायचा. याडी म्हणजे आई. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण भाकरी बरोबर त्याच्याच ताटात पडायची.

"टेका देला काय रे?" तिनं विचारलं.

"देला, याडी."

"पाह्यल्याबिगर आत घुसू नोको."

परत येऊन डोमाजीनं बाहेरूनच होजचा वरचा नट सोडला. काळं तेल भळभळा मातीत गेलं.

तो कान देऊन उभा राहिला...

धप्प झालंच नाही.

जुनं मशीन, गळकं. आपण जेवत होतो तेव्हाच पातं हळूहळू बसलं असेल, असं त्याला वाटलं. तो बाजूनं आत सरपटला. बाहेरच्या उन्हानं डोळे दिपलेले, आत नुसता अंधार. म्हातारीचे शब्द आठवले म्हणून हात लांबवून चाचपलं. हाताला काहीतरी गोल, टणक लागलं.

आहे टेका. झालं!

त्यालाच पाठ लावून तो कामाला बसला. जुने नट गंजून चिकटले होते. पाना लावायचा, शिवी द्यायची, पुन्हा पाना लावायचा.

थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं... पाठीमागचं लाकूड गरम होतं.

सावलीतलं लाकूड गरम कसं?

मग मानेवर एक थेंब पडला. तेल असेल म्हणून पुसलं. बोटं काळी झाली नाहीत. पाणी होतं. ओठाला लागलं ते खारट लागलं.

आणि मग आवाज आला... सरकीचं पोतं पाठीवर घेऊन चढ चढणाऱ्या माणसाचा श्वास.

हं... हं... हं...

"पूनमसिंग? आला काय बे तू?"

श्वास थांबला. क्षणभरच. मग पुन्हा सुरू झाला. अगदी डोक्यावर.

डोमाजीला उठून पळावंसं वाटलं. पण अर्धं काम सोडून उठायची त्याला सवय नव्हती. दोन्ही नवे होज त्यानं कसे आवळले, देव जाणे. मग पाना तिथंच टाकून तो रांगत बाहेर आला आणि वळून पाहिलं.

पात्याखालून पलीकडचा फुललेला पळस सरळ दिसत होता.

ओंडके नव्हते.

एकसुद्धा नव्हता. ओंडक्यांच्या जागी ओल्या तेलकट मातीत दोन पावलं उमटली होती. अनवाणी. घोट्याइतकी खोल.

होजमध्ये तेलाचा थेंब नाही, खाली टेका नाही, आणि ते लोखंडी धूड हवेत उभं होतं...

मग ते खाली आलं. कोसळलं नाही. डोक्यावरचा हंडा बाईनं जपून उतरवावा, तसं हळूच मातीला लागलं. आणि कोणीतरी मोठा श्वास सोडला.

डोमाजी तांड्याकडे धावत सुटला. रचलेल्या होळीवर सगळ्यात वर त्याचे दोन्ही ओंडके होते.

"तू जेवाले बसला तवाच पोट्ट्यायनं आनले," पूनमसिंग म्हणाला. "होळीचं लाकूड हाय, आता मांगू नोको. काहून, काय झालं?"

डोमाजीनं धापा टाकत सगळं सांगितलं. माणसं गोळा झाली. बायांनी हात जोडले. देवसिंगनं वाचवलं, आपला देवसिंग, असं जो तो म्हणू लागला. कोणी नारळ आणायला पळालं.

सुखीबाई खाली बसून ऐकत होती. गर्दी थोडी निवली तेव्हा तिनं विचारलं,

"म्हंजे थो अजून धरूनच हाय?"

तिनं डोमाजीचा हात चाचपून धरला.

"वर्स होऊन राह्यलं न रे डोमाजी. हात दुखत असन न त्याचे?"

जीव वाचल्याचा सगळा आनंद डोमाजीच्या छातीतून एका दमात उतरला. म्हातारी उठली, चाचपत होळीपाशी गेली आणि एक ओंडका ओढू लागली. होळीवर चढलेलं लाकूड कोणी उतरवत नाही. तांड्याचा नायक फुलसिंग पुढं झाला.

"सुखी, होळीचं हाय थे."

"माह्या लेकाचं हाय," ती म्हणाली.

फुलसिंग बाजूला झाला. त्यानंच दुसरा ओंडका खांद्यावर घेतला आणि तलावावर आणून टाकला. मग सगळे दूर जाऊन उभे राहिले. जवळ यायची कोणाची छाती होईना.

दिवस कलला होता. डोमाजीनं तेल भरलं, इंजिन लावलं, पातं वर घेतलं. दोन्ही ओंडके नीट खाली उभे केले. इंजिन बंद केलं. सुखीबाई पात्यासमोर उभी राहिली आणि आपल्या बोलीत पोराशी बोलू लागली. टेका दिला आहे, म्हणाली. आता हात काढ. घरी चल.

डोमाजीनं लिव्हर खाली ढकलली.

पातं खाली आलं... आणि दोन बोटं वर थांबलं.

त्यानं लिव्हर पार खाली दाबली. पातं हललं नाही. त्या दोन बोटांच्या फटीतून मावळतीचं ऊन आरपार येत होतं. त्यानं फटीत पाचर ठोकून पाहिली. पाचर जेवढी आत गेली, तेवढं पातं वर सरकलं.

मशीनखाली पुन्हा कोणी मरू नये, एवढंच बहुतेक त्या पोराला कळत होतं. लाकडावर त्याचा भरवसा नव्हता.

"बसलं काय रे?" सुखीबाईनं विचारलं. तिचे ते धुरकट डोळे नेमके पात्याकडे लागले होते.

डोमाजीनं फटीकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"बसलं, याडी."

ती तिथंच मातीत बसली आणि हमसून हमसून रडली. वर्षभरात पहिल्यांदा. तांड्यातली होळी पहाटे पेटते. त्या पहाटे ती बायांसोबत गाण्यात उभी राहिली, नाचली. डोमाजी लांबून पाहत होता. त्याला तिच्यासमोर जाववेना.

पावसाळ्याआधी तलाव झाला आणि मशीन ट्रेलरवर चढून दुसरीकडे गेलं. म्हातारी पुढं बरीच वर्षं जगली. डोमाजी दर होळीला तिच्याकडे जेवायला जायचा. दर वेळी ती त्याच्या तोंडावरून हात फिरवून म्हणायची, "तुह्यानं सुटला माहा देवसिंग."

तो मान खाली घालून जेवायचा.

हे मला सांगितलं तेव्हा ती केव्हाच गेली होती. डोमाजी आजोबा म्हणाले, तिकडं गेल्यावर तिला पोरगा दिसला नसेल, तर काय वाटलं असेल तिला?

ते मशीन भंगारात गेलं की अजून कुठल्या माळावर उभं आहे, ते मला ठाऊक नाही. रस्त्याच्या कामावर पातं वर करून ठेवलेला बुलडोझर दिसला की आजही मी वाकून खाली पाहतो.