चार हजार एकशे बारा वेळा

पाषाणच्या मेंदूविज्ञान प्रयोगशाळेतलं महागणक सोमवारी बंद करायचं की चालू ठेवायचं, हे चौकशी समितीचे डॉ. तुळपुळे आज ठरवणार होते. त्या महागणकात हेमांगी वालावलकरचा थोरला भाऊ सुधन्वा होता. निदान हेमांगीचं म्हणणं तसं होतं. दीड वर्षापूर्वी तो अपघातात गेला, तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे तिनं त्याच्या मेंदूतला पेशीजोड न् पेशीजोड नोंदून तो आराखडा यंत्रात उतरवला होता.

तुळपुळ्यांचं मत सरळ होतं. यंत्र आकडेमोड करतं, आणि आकडेमोडीला दुखत-खुपत नाही. हेमांगीनं तासभर किल्ला लढवला. माणसाच्या पेशी तरी दुसरं काय करतात? तीच गणना कशावरही करा, तीच जाणीव उमटणार.

"जितक्या वेळा केली, तितक्या वेळा?" तुळपुळ्यांनी विचारलं.

"हो. तितक्या वेळा."

त्यांनी चाचण्यांची नोंदवही तिच्यापुढे सरकवली. सुरुवातीला आराखड्याला डोळे, कान, काहीच जोडलेलं नव्हतं. काळोखात जाग यायची, दहा मिनिटं भीतीचे आलेख उसळायचे, मग गणना थांबवून, आकडे दुरुस्त करून पुन्हा पहिल्यापासून. असं चार हजार एकशे बारा वेळा. प्रत्येक नोंदीखाली हेमांगीची सही होती.

तिनं वही मिटली.

समितीला पुरावा हवा, तुळपुळे म्हणाले. कान-डोळे न जोडता ती दहा मिनिटं एकदा आमच्यासमोर चालवा. भीतीचे आलेख जिवंत मेंदूशी जुळले तर यंत्र राहील. नाहीतर सोमवारी बंद.

सुधन्वा सगळं ऐकत होता. स्पीकरमधून त्याचा आवाज आला. "दाखव ना, हेमा. मला तर ती दहा मिनिटं आठवतही नाहीत. तू हाक मारलीस आणि मी जागा झालो."

"तुझ्या खेपेला मी आधीच कान जोडले होते, दादा. बाकीचे तिथवर पोचलेच नाहीत."

"बाकीचे म्हणजे?"

तिनं आकडा सांगितला. इतके दिवस तिनं तो स्वतःलाही सांगितला नव्हता.



"ते सगळे मीच होतो?"

"हो."

"आणि आता दाखवशील, तो?"

"तोही."

यंत्र बंद झालं की आपण संपलो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मग त्याला उठवू नकोस," सुधन्वा म्हणाला.

हेमांगीनं यंत्र चालू ठेवण्याच्या अर्जावर 'प्रात्यक्षिकास नकार' असं लिहून सही केली. तुळपुळ्यांनी कागद स्वतःकडे ओढला, शिक्का उचलला आणि तो हातात धरून तसेच बसून राहिले. मग हेमांगीकडे न बघता ते स्पीकरकडे वळले.

"सुधन्वाराव, तुम्हाला भीती वाटतेय का?"

"हो," उत्तर आलं. "फार."