बाहेरची पट्टी

टाकीत स्टीलच्या पट्ट्या टांगायची पद्धत प्रयोगशाळेत पहिल्यापासून होती. अणुभट्टीचा ॲसिडमिश्रित कचरा ज्या पत्र्याच्या टाकीत साठवला होता, त्याच पत्र्याच्या पट्ट्या कापायच्या आणि मधोमध वेल्डिंगचा जोड मारायचा. प्रत्येक पट्टीची एक जुळी करायची. एक टाकीत, एक बाहेर कपाटात कोरडी. आतली दर वर्षी यांत्रिक हाताने काढून धुवायची आणि बाहेरचीशी ताडून बघायची. स्टेनलेस म्हणजे गंजत नाही, हे आपलं स्वयंपाकघरापुरतं. अशा कचऱ्यात जोडाच्या कडेने ते हटकून कुरतडलं जातं. प्रयोगशाळेतली धातुपरीक्षक कधीची कानीकपाळी ओरडत होती, "जुनी टाकी रिकामी करा." साहेब गोड आवाजात "बघू" म्हणत.

यंदा आतली पट्टी निघाली ती लखलखीत. तिने ताडून बघायला कपाट उघडलं. बाहेरची पट्टी जोडाच्या कडेने, सरळ रेषेत, बारीक खड्डे पडून कुरतडली गेली होती. बोटाला काळी पूड लागली.

अदलाबदल झाली असेल म्हणून तिने पट्ट्यांवर ठोकलेले आकडे पडताळले. बरोबर होते. कपाटात ॲसिडची वाफ शिरतेय का, तेही तपासलं. शिरत नव्हती.

साहेबांना आनंदाचं भरतं आलं. "मॅडम, टाकी अजून वीस वर्षं चालेल. द्या लिहून."

"आणि बाहेरची पट्टी?"

"कपाटात कचरा साठवतो का आपण? फेकून द्या ती."

तिने साफ नकार दिला. वीस वर्षांनी साहेब नातवंडं खेळवत बसणार आणि टाकी गळली की विष खालच्या वस्तीच्या विहिरींत उतरणार. निस्तरायचं कुणी?

घरी वेगळंच वाढून ठेवलं होतं. तिचा नवरा वेल्डर. त्या टाकीचे जोड त्यानेच मारलेले. तिथेच परांचीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी आत स्टीलचा रॉड बसवला. "घरातलं सगळ्यात भारी पोलाद माझ्या मांडीत आहे," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. त्या आठवड्यात मात्र त्याला पाय टेकवेना. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"रॉडला खड्डे पडलेत. असं मी कधी पाहिलं नाही. कधीही मोडेल. आणि यांचं हृदय पुन्हा भूल सोसणार नाही."

खड्डे एका सरळ रेषेत होते. कपाटातल्या पट्टीवर होते तसेच.

दुसऱ्या दिवशी ती त्याला टाकीजवळच्या निरीक्षणाच्या खोलीत घेऊन गेली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. दोघांनी धरून आणावं लागलं. जाड काचेसमोर आल्यावर त्याचं कण्हणं थांबलं. त्याने तिच्या खांद्यावरचा हात काढला.

"अगं, दुखत नाहीये."

फाटकाशी नेलं, तो पुन्हा कळवळला. परत आत आणलं.

थांबलं.

तिने लिहून दिलं. टाकी उत्तम, वीस वर्षं. लिहिताना हात जरासुद्धा थरथरला नाही, याचीच तिला जास्त शिसारी आली. बदल्यात नवऱ्याला त्या खोलीत बसून राहायची नोकरी मागितली.

"एवढंच?" साहेब हसले. "आधी नाही का सांगायचं!"

पुढच्या एक्स-रेत रॉड नवा कोरा दिसला. डॉक्टरांनी आधीचं छायाचित्र खराब निघालं असणार म्हणून हात झटकले. नवरा जिना शीळ घालत चढू लागला. "या वयात नवा नवरा मिळाला बघ तुला!" म्हणायचा. ती हसायची. विहिरीवरून पाणी नेणाऱ्या बायका दिसल्या की मान फिरवायची.

तिच्या एका सुट्टीच्या दिवशी, तो कामावर गेला असताना, ती पायांना तेल लावत बसली होती. नडगीवर अंगठा अडला.

कातडी धड होती. खड्डा खाली, हाडात होता.

तिने अंगठा खाली सरकवला. आणखी एक.

मग आणखी एक.

घोट्यापर्यंत, एका सरळ रेषेत. जोडीतली बाहेरची आता ती होती.

जिन्यावर शीळ ऐकू आली. "दार उघड गं!"

तिने पायावर कपडा ओढला, कोपऱ्यात धूळ खात पडलेली त्याची काठी घेतली आणि ती टेकत दार उघडायला निघाली.