केयूरच्या पेशी

प्रयोगाला रक्त हवं असलं की पूर्वाच्या लॅबमधली मंडळी लांब कुठे जात नाहीत. घरातल्याच कुणाला तरी धरून आणतात आणि रीतसर सही घेतात. पूर्वाने धाकट्या भावाला, केयूरला धरलं. मिसळीच्या बोलीवर तो वारज्याहून पाषाणला आला आणि हात पुढे करून बसला.

काळ्या आजाराचा परजीवी मोठा बिलंदर. त्याला खायला आलेल्या पांढऱ्या पेशीतच तो शिरतो आणि तिथंच संसार थाटतो. शरीराकडून इशारा मिळाला, तर पेशी जागी होऊन त्याला मारते. पूर्वाने डिशमध्ये केयूरच्या रक्तातल्या पेशींवर हे परजीवी सोडले, तर त्या भलत्याच खमक्या निघाल्या. एकालाही टिकू देईनात. पूर्वाचे गाईड अभय सर खूश झाले. आता तो इशाराच औषधाने दाबून बघा, म्हणाले.

तिने दाबला. डिशमध्ये परजीवी माजले. त्याच संध्याकाळी केयूरला हुडहुडी भरून ताप आला.

डेंग्यू नाही, मलेरिया नाही. आईचा विश्वास अजून सदाशिव पेठेतल्या जुन्या डॉक्टरांवर. त्यांनी पोट चाचपलं, प्लीहा सुजलीय म्हणाले, आणि व्हायरल असेल असं सांगून मोकळे झाले. काळ्या आजारातही प्लीहाच सुजते, त्यामुळे पूर्वाच्या मनाला मात्र चैन पडेना. सकाळी तिने पेशी धुऊन औषध काढून टाकलं. पेशींनी परजीवी मारायला घेतले, आणि दुपारी आईचा फोन आला, की पठ्ठ्या उठून पोहे मागतोय.

योगायोग. शिकलेली मुलगी दुसरं काय म्हणणार? शिवाय प्रयोग पुन्हा करून दाखवल्याशिवाय सर निकाल मानणार नव्हते. तिने उरलेल्या पेशींवर परत औषध घातलं.

परत ताप. या वेळी औषध धुऊनही पेशी सावरेनात. घरी केयूर डोळे उघडेना. रक्त पुन्हा तपासलं, त्यात काहीच सापडलं नाही.

पूर्वा लॅबमध्ये नुसत्या येरझाऱ्या घालत होती. डिश तशीच ठेवली तर परजीवी वाढणार. ब्लीच ओतलं तर ते मरतील, पण पेशीही मरतील. मग केयूरचं काय? तिला भयंकर भीती वाटत होती. सरांना विचारायचं तरी कसं? त्यांनी तिलाच डॉक्टरकडे धाडलं असतं.

शेवटी भर दुपारी तिने डिश बाहेर काढली. झाकण उचललं. ब्लीचची बाटली हातात घेतली.

फोन वाजला. आई होती.

"अगं, हा तापात काहीतरी बडबडतोय. म्हणतोय, ताई, झाकण लाव, गार लागतंय."

पूर्वाने डिशच्या उचललेल्या झाकणाकडे पाहिलं.

"कसलं झाकण गं?" आई रडवेली झाली होती. "मी तर स्वयंपाकघरातली सगळी भांडी झाकून आले."