दोघांसाठी मोजलेला आवाज

सागिंदिक स्पीकरची वायर घ्यायला निघाला तेव्हा बर्फ नुकताच थांबला होता. कारागांदा या खाणींच्या शहरात बर्फ पांढरा पडतो आणि दुपारपर्यंत कोळशाच्या धुराने करडा होतो, म्हणून बाहेरची कामं सकाळीच उरकावीत असं त्याची बायको कुल्पाश म्हणायची. ती जाऊन वर्ष उलटलं होतं. वर्षाचं जेवण रीतसर झालं, मुल्ला येऊन पढून गेले, तिचे कोट आणि शाली नातलगांत वाटून झाल्या. आता या घरात बाई नाही हे जिन्यातल्या साऱ्या शेजाऱ्यांनी मान्य केलं होतं. एकट्या सागिंदिकने केलं नव्हतं, पण तसं तो कोणाला सांगत नव्हता.

सांगणार तरी काय? की संध्याकाळी सिनेमा लावला की सोफ्याच्या डाव्या टोकाला कोणीतरी सूर्यफुलाच्या बिया फोडतं?

जन्म खाणीत गेल्यामुळे त्याचा उजवा कान कामातून गेला होता. म्हणून कुल्पाश मुद्दाम डावीकडे बसायची. सिनेमा सुरू झाला की तिच्या तोंडाचा पट्टाही सुरू व्हायचा. खून कोणी केला, कोण कोणाला फसवणार, नायिकेने हा असला झगा घातलाच कशाला, सगळं ती आधीच सांगून टाकायची आणि मधे मधे बिया फोडायची.

"अगं, उजवीकडे बसत जा की," तो करवादायचा.

"तिकडे बसून मी बोलू कोणाशी, भिंतीशी? आणि तुझ्या त्या खोक्यातून तसंही बादलीतून बोलल्यासारखं ऐकू येतं. चांगलं काहीतरी आण, मग बसेन गप्प."

चांगलं आणायचं राहूनच गेलं. आता त्याने ते आणलं होतं. नवा अॅम्प्लिफायर, पुढचे तीन स्पीकर, मागचे दोन, आणि कोपऱ्यात ठेवायचा घुमणारा ठोकळा. तिला शब्द दिला होता, तो पाळायला उशीर झाला इतकंच, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. फक्त वायर बाकी होती.

बाजाराच्या टोकाला आर्कादीचं दुकान होतं. दुकान कसलं, वायरींच्या वेटोळ्यांत एक माणूस बसलेला असायचा. तो या भागात नवा होता, कोणाच्या घरात काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि सागिंदिकला तेच बरं वाटायचं.

"सागिंदिक आगा, ही बघा, चांदीचा मुलामा," आर्कादी एक झुळझुळीत वेटोळं पुढे करत म्हणाला. "ही जोडली की नट दात घासून आल्यासारखे बोलतात."

"आणि नाही जोडली तर?"

"तरी तसेच बोलतात. पण मग माझ्या मुलीचं लग्न कसं व्हायचं?"

मग त्याने दुसरी एक स्वस्त वायर चाकूने खरवडून दाखवली. वरून तांबूस, आतून पांढरं अॅल्युमिनियम. "हिच्या वाटेला जाऊ नका. साधं तांबं घ्या, जाड. बाकी सगळे नखरे. आता सांगा, ऐकणारे किती?"

"म्हणजे?"

"मशीनबरोबर माईक आलाय ना? तो बसायच्या जागी ठेवायचा, आणि मशीन आवाज सोडून खोली मोजतं. एकाच जागेसाठी मोजलं तर त्या जागेवर आवाज अगदी नेमका बसतो, शेजारच्याला उरलंसुरलं. दोघांसाठी मोजलं तर दोघांनाही थोडं थोडं सोडावं लागतं. संसारासारखंच की."

"दोघं," सागिंदिक म्हणाला.

"मग मागचे स्पीकर लांब लांब ठेवा, वायर जास्त लागेल. वहिनींना एकदा घेऊन या. बायकांचे कान तिखट असतात."

"तिला बर्फात बाहेर पडवत नाही," सागिंदिक म्हणाला. इतकं सहज बोलून गेला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. घरी पोहोचेपर्यंत त्याला थंडी वाजली नाही.

शनिवारी मार्जान अस्तान्याहून आली. ही त्यांची एकुलती एक मुलगी. तोंड आईचं, हट्ट बापाचा. आल्या आल्या तिने कोट काढला, गालिचे उचलले आणि वायरी खालून सरकवायला लागली.

"पापा, लाल ते लाल, काळं ते काळं. उलटं जोडलं तर माणसं पडद्यावर आणि त्यांचे आवाज भलतीकडेच."

"मला शिकवू नकोस. मी खाणीत सुरुंगाच्या तारा जोडल्यात."

"म्हणूनच सांगतेय."

माईकला स्टँड नव्हता. सागिंदिकने बसायच्या गाद्या एकावर एक रचल्या, कानाच्या उंचीला आणल्या, आणि वर माईक ठेवला. आधी त्याच्या जागेवर, सोफ्याच्या उजव्या अर्ध्यात. मशीनमधून एक शीळ निघाली. जमिनीतून घुमत आली आणि बारीक होत होत छताला लागली. एकेका स्पीकरमधून तशीच शीळ फिरली, आणि पडद्यावर अक्षरं आली, ही जागा मोजून झाली. सागिंदिकने गाद्यांची चवड उचलून डाव्या टोकाला नेली.

मार्जानचा हात थांबला. "पापा, एक जागा पुरे आहे."

"दोन."

"तुम्हाला चांगलं ऐकू यावं म्हणून म्हणतेय मी. सोफाच मधे घेऊ, तुमच्या एकट्याच्या..."

"मार्जान, दोन."

तिने मान खाली घातली आणि बटण दाबलं. शीळ आली नाही. पडद्यावर अक्षरं उमटली: खोलीत आवाज आहे. शांतता झाल्यावर मोजणी सुरू होईल.

मार्जानने फ्रीज बंद केला. भिंतीवरचं घड्याळ काढून उशीखाली दडपलं. खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबला. दोघं स्वयंपाकघरात जाऊन श्वास रोखून उभे राहिले. बाहेर ढग उतरून आले होते, दुपार असून खोलीत अंधारून आलं होतं. त्या काळोख्या उजेडात पडदा तेवढा निळा दिसत होता, आणि त्यावर तीच अक्षरं होती.

"माईक खराब असणार," मार्जान पुटपुटली. मग तिने मान तिरकी केली. "पापा... काय वाजतंय?"

"काय?"

"कट्... कट् करून. कोणी बिया..."

सागिंदिकने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला भीती वाटायच्या ऐवजी आनंदच झाला. म्हणजे आपल्याला भ्रम झालेला नव्हता. वर्षभर जे एकट्याने ऐकलं ते पोरीनेही ऐकलं होतं. तो दारापर्यंत गेला, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगावं तसं हळूच म्हणाला, "कुल्पाश, दोन मिनिटं गप्प बस गं. एवढं मोजून होऊ दे."

आवाज थांबला. आणि लगेच पहिली शीळ जमिनीतून वर आली.

मार्जानने त्याची बाही घट्ट धरली होती. मोजणी संपली तरी ती सोडत नव्हती. "तुम्ही... कोणाशी बोललात?"

"तुझ्या आपाशी. दुसरं आहे कोण इथे?"

आपा म्हणजे आई. तो शब्द ऐकल्यावर मार्जानला रडू आवरेना. रात्री ती स्वयंपाकघरात बाकड्यावर झोपली, आणि निघताना पुन्हा पुन्हा म्हणाली, "चला माझ्याबरोबर. इथे एकटे राहू नका." "एवढा हिवाळा जाऊ दे," तो म्हणाला, आणि तिच्या खिशात तिच्या आवडीचे खारट सुक्या चीजचे गोळे भरले.

नव्या स्पीकरचा आवाज खरोखर डोळ्यांत पाणी आणणारा होता. सिनेमात पाऊस पडला तर तो खोलीभर पडायचा, बंद कान असलेल्या माणसालाही. कुजबूज केली तरी शब्द न् शब्द कळायचा. सागिंदिकने पहिला सिनेमा लावला, डाव्या बाजूला वळून हसला, आणि वाट पाहत राहिला.

डावीकडे काही नव्हतं. बिया नाहीत, सोफ्याच्या स्प्रिंगचा आवाज नाही.

"झालं मोजून," तो म्हणाला. "बोल आता."

दुसऱ्या दिवशी त्याने खुनाचा सिनेमा लावला, तो मधेच थांबवला आणि विचारलं, "कोणी केला असेल गं?" पडद्यावरची माणसं थिजून उभी होती. घर इतकं शांत होतं की त्याला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. तिने शब्द पाळला होता. चांगलं आणलंस की गप्प बसेन म्हणाली होती, बसली. वर्षभर त्याला जे रडू आलं नव्हतं ते त्या संध्याकाळी आलं. मेलेली बायको त्याने आपल्या तोंडाने घरातून घालवली होती, तीही दोन मिनिटांच्या शांततेपायी.

आर्कादीने त्याला पाहताच विचारलं, "काय आगा, आवाज बिघडला?"

"चांगला झाला. तिथेच बिघडलं. पहिल्यासारखं करता येतं का?"

"लोक उलटं विचारायला येतात," आर्कादी हसला, पण सागिंदिकचा चेहरा पाहून गंभीर झाला. "वायर बदला आणि नव्याने मोजा. नवीन मोजलं की आधीचं पुसलं जातं."

सागिंदिकने चांदीच्या मुलाम्याच्या वायरीकडे बोट केलं.

"अहो, मी गंमत करत होतो. त्या तांब्यात आणि हिच्यात..."

"असू दे. तिला चकचकीत आवडतं."

शुक्रवारी दुपारी त्याने आधी तेल तापवलं. शुक्रवारी पुरीसारखे पातळ शेल्पेक तळायचे, गरम तेलाचा वास गेलेल्या माणसांपर्यंत जातो आणि त्यांचं पोट भरतं, हे त्याच्या घरात आईपासून चालत आलेलं. ते काम कुल्पाशचं होतं. त्याच्या हातचे शेल्पेक पातळ लाटायचे ते जाड झाले, कडा जळल्या, धूर आणि वास दोन्ही खोल्यांत दाटून बसला. बाहेर बुरान, म्हणजे बर्फाचं वादळ, सुटलं होतं, खिडकीबाहेर नुसता पांढरा गोंगाट. तो जळक्या शेल्पेकच्या ताटलीसमोर बसला, येत होतं तेवढं पढला, आणि ज्याच्या नावाने घास काढायचा त्याचं नाव घ्यायची वेळ आली. कुल्पाश हा शब्द काही केल्या बाहेर पडेना. त्याने हात चेहऱ्यावरून फिरवले आणि कसंबसं म्हणाला, "ज्यांना ज्यांना हा वास पोहोचेल, त्या सगळ्यांना..."

मग उठून त्याने नव्या वायरी जोडल्या. गाद्या सोफ्याच्या डाव्या टोकाला रचल्या, माईक ठेवला. बटण दाबून तो बाहेर जिन्यात आला आणि दार ओढून घेतलं, कारण आज त्याला स्वतःच्या श्वासाचाही भरवसा नव्हता. जिन्यातला दिवा गेलेला होता. तळघरातून ओलसर कोबीचा वास येत होता. त्याने दाराला डावा कान लावला.

शीळ सुरू झाली नाही.

सागिंदिकने डोळे मिटले. खोलीत आवाज आहे, तो मनात म्हणाला, आवाज असू दे, देवा, आवाज असू दे.

कट्.

तो दाराला टेकून उभा राहिला, आणि गालांवरून पाणी ओघळून मिशांत गेलं. कट्... कट्. तीच सवय, दोन पटापट आणि मग जरा थांबून तिसरी. "आलीस का गं," तो दाराशी कुजबुजला. "बोल. पाहिजे तेवढं बोल. सगळे खुनी आधीच सांगून टाक."

कट्. हा आवाज मात्र उजवीकडून आला, त्याच्या स्वतःच्या जागेवरून. मग एक खिडकीपाशी. एक दाराच्या अगदी जवळ, आतल्या बाजूला, कमरेच्या उंचीवर. कोणीतरी खाकरलं, म्हाताऱ्या माणसासारखं. कोणीतरी गालिच्यावर पाय ओढले. ताटली खरखरली... आणि कोणाचं तरी बारीक हसू, लगेच दाबलेलं.

सागिंदिकने कान दाराला आणखी घट्ट लावला.

"शू..." आतून कुल्पाश म्हणाली. तीच ती, किंचित बसलेल्या गळ्याची, प्रेमाने दटावणारी. "तो मोजतोय ना. गप्प बसा सगळे."

सगळं एकदम थांबलं. आणि त्या गपगार घरात पहिली शीळ जमिनीतून वर आली, बारीक होत होत छताला लागली. मग दुसरी, मग तिसरी. सागिंदिक अंधारात उभा राहून ऐकत होता. शेवटची मागच्या स्पीकरमधून निघाली आणि विरून गेली. दाराची मूठ त्याच्या हातात होती, ती फिरवावी की जिना उतरून पळावं हे त्याला कळत नव्हतं, आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्याला घरी असल्यासारखंही वाटत होतं.

आत सोफ्याच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकामागून एक, दाटीवाटीने बसलेली माणसं सरकून आणखी एकाला जागा करून देतात तशा.